कानी पडलेलं वाक्य

११ जून

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी गेलं. मग लक्षात आलं की जाण्यासारखं आपल्याकडे आता उरलंय कोण. आई आहे, ती इथे माझ्यासमोर खिडकीपाशी बसून चहात बिस्कीट बुडवून खातेय. तिच्या दातांना काही झालेलं नाही, भुकेलाही नाही.

तू विचारलंस की लेकीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला तर शिक्षण होईपर्यंत ती आपल्या घरी राहू शकेल का. आढेवेढे न घेता सांगते, नाही. जागा नाही. मागची खोली गळते, जिना अंधारा आहे, खाली शिंप्याचं मशीन दिवसभर खडखडत असतं, त्यात अभ्यास कसला होतोय. शिवाय आईला परकं माणूस सोसत नाही. आता तू म्हणशील, नात परकी कशी. म्हण. तिला वसतिगृहात ठेव, तिथे मैत्रिणी मिळतील.

माझं विचारलंस. मी अजून शब्दकोशातच आहे. तू गेलीस तेव्हा आम्ही 'ग'वर होतो, आता 'ब'वर पोचलोय, यावरून आमच्या वेगाचा अंदाज कर. मुख्य संपादक तेच. गळ्यात भिंग अडकवूनच ते डबा खातात, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे भिंगच म्हणतो. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलावर 'बळी' हा शब्द ठेवला आणि म्हणाले, हा तुम्हालाच जमेल. मला का जमेल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्याकडे एक नियम आहे, तुला ठाऊक नसेल. पुस्तकातली उदाहरणं चालतात, पण शब्दाच्या प्रत्येक वापराला निदान एक वाक्य जिवंत माणसाच्या तोंडचं लागतं. सहज बोलता बोलता निघालेलं, आपल्या कानांनी ऐकलेलं. विचारून काढायचं नाही, घरी बसून रचायचं नाही. त्यामुळे आमची माणसं बसथांब्यावर, दवाखान्यात, न्हाव्याच्या दुकानात उगाच रेंगाळत असतात आणि लोक आम्हाला पोलिसांचे खबरे समजतात. वाक्य मिळालं की ते कार्डावर लिहायचं आणि खाली बोलणाऱ्याचा धंदा किंवा नातं लिहायचं. नाव लिहायचं नाही.

या शब्दाचं मूळ वाचून मला हसू आलं. बळी म्हणजे आधी नुसता वाटा. राजाला द्यायचा कर, नाहीतर घरात शिजलेल्या अन्नातला एक घास, पाखरांसाठी, मुंग्यांसाठी उंबऱ्याबाहेर ठेवलेला. त्यात कुणी मरत नव्हतं. पुढे कधीतरी घासाच्या जागी जीव आला आणि शब्द मात्र तोच राहिला. घास कुणी बदलला, कधी बदलला, याची नोंद कुठेच मिळत नाही.

बाकी ठीक. वसतिगृहाचं बघ.

ताई


३ जुलै

धाकटे,

वसतिगृहात ठेव म्हटलं होतं ना मी? तुझी लेक परवा दुपारी दारात उभी. कॉलेजात कागद द्यायला आले होते, म्हणाली, गाडीला वेळ होता म्हणून आजीला बघायला आले. हातात नासपतींची पिशवी. हसली की डावी भुवई वर जाते, अगदी तुझी. मला तिला जिन्यातच थांबवता आलं असतं. पण भाची पहिल्यांदा दारात आलेली, तिला पाणीसुद्धा न देता कसं घालवणार.

आधी एक दुसरी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्याच आठवड्यात मी खालच्या शिंप्याकडे कोटाचं कापड दिलं होतं. माप घ्या म्हटलं तर तो म्हणाला, कशाला, तुमच्या आत्यांचा कागद आहे की. त्याच्या बापाच्या वेळचा तपकिरी कागदाचा साचा त्याने माळ्यावरून काढला, धूळ झटकली आणि माझ्या पाठीला लावला. आत्या आठवते ना तुला? बाबांची बहीण, माझ्यापेक्षा हातभर उंच, रुंद खांद्यांची. मी तिच्या काखेखालून पळत जायचे. साचा माझ्या खांद्याला खांदा लागून बसला, बाह्या मनगटावर आल्या. शिंपी म्हणाला, बघा, सांगत होतो ना. मी वर आले आणि दाराच्या चौकटीवर आपली उंची मोजायचो त्या खुणा बघितल्या. माझी शेवटची खूण माझ्या हनुवटीशी येते. या वयात कुणी वाढत नाही, धाकटे.

तर तुझी लेक वर आली. आई खुर्चीत. ती त्या खुर्चीत बसली आत्याला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, हे तुला माहीतच आहे. तेव्हा ती धडधाकट होती. डॉक्टरांनी हाडं बघितली, नसा बघितल्या, सगळं जागच्या जागी. तरी ती उठली नाही. तिच्या आधी त्याच खुर्चीत आजोबा होते आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून आत्या उभी असायची. आता माझा हात असतो. लाकडावर तिथली पॉलिश गेलीय.

पोरीला बघून आई उठली. कुणाचा आधार न घेता, गुडघ्यावर हात न टेकता. तिच्यापर्यंत चालत गेली, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आलीस? उशीर केलास."

पोरगी हसली. म्हणाली, "हो आजी, बस चुकली."

तिला गाडीत बसवायला मी खाली उतरले तर शिंपी दारात दोरा दातांनी तोडत उभा. त्याने तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, वाईट नजरेने नव्हे, धंद्याच्या नजरेने, आणि मला म्हणाला, साचा गुंडाळून ठेवत नाही मग, लागेलच. मी त्याला काहीबाही बोलले. तो बिचारा गोंधळला, म्हणाला, मी आपला सहज बोललो.

तिला पाठवू नकोस. मनापासून सांगतेय. कारण विचारू नकोस, विचारलंस तर मी जागेचंच सांगेन.

ताई


२२ जुलै

धाकटे,

तुझं लांबलचक पत्र वाचलं. मी दमलेय, एकटीने ओढून ओढून माझ्या डोक्यात भलतंसलतं येतंय, घरात तरुण माणूस आलं की बरं वाटेल, असं तू लिहितेस. तुझे यजमानही तेच म्हणतात म्हणे. साचा जुना असतो, माणूस वयाने पसरतं, त्यात काय एवढं. असेल. तू नेहमीच लवकर समजूत पटवून घ्यायचीस, निदान स्वतःची.

इथे एक गंमत झाली. भिंगांनी मला बोलावून एक पत्र दाखवलं. समुद्राकाठच्या एका संस्थेला त्यांच्या कोशासाठी माणूस हवाय, कामापुरती दोनेक वर्षं. राहायला खोली, खोलीला समुद्राकडे खिडकी. त्यांनी माझं नाव आधीच कळवलंय. मी अर्थातच नाही म्हटलं. आईला कोण बघणार? भिंग भिंगातून माझ्याकडे बघत म्हणाले, सप्टेंबरपर्यंत जागा धरून ठेवतो, घाई नाही.

घरी आले तेव्हा ऊन खिडकीतून सरळ खुर्चीवर पडलं होतं. मी सवयीने मागे उभी राहिले. काचेत बघितलं तर आत्या उभी होती. दचकले नाही, कारण अंगात नवा कोट होता, तोच असणार म्हटलं. मग मी खोकले आणि काचेतली तीही खोकली. तिचा तो दोन ठोक्यांचा खोकला, तुला आठवत असेल, आपण नक्कल करायचो आणि मार खायचो. आई हल्ली मला तिच्याच नावाने हाक मारते. सुरुवातीला मी चूक दुरुस्त करायचे. आता ओ देते, तेवढाच वेळ वाचतो.

शब्दाचं काम अडलंय. वाक्यं ढिगाने मिळतात. बँकेत एक कारकून म्हणाला, दरवेळी माझाच बळी का? दवाखान्यात दोघी बोलत होत्या, त्या पुलाने आजवर किती बळी घेतले. बसमध्ये एकाला त्याच्या साहेबाने बळीचा बकरा केला होता, तो चारचौघांत मोठ्याने सांगत होता. बळी गेला, बळी पडला, बळी घेतला, सगळं मिळालं. 'त्यांनी बळी दिला' हेही मिळालं, पण ते 'त्यांनी'. कुणी दुसऱ्याने, वरच्याने, नशिबाने. 'मी बळी दिला' असं म्हणणारं एक माणूस मला भेटलेलं नाही. भिंग म्हणतात, देणारा सापडल्याशिवाय देणं कसं लिहायचं, नोंद उघडी ठेवा. मी पायाचे तुकडे पडेस्तोवर हिंडतेय.

मागची खोली गळते असं मी लिहिलं होतं. तशी ती गळत नाही. मी काल तिला रंग लावून घेतला, फिका पिवळा.

पाठव तिला.

ताई


८ ऑगस्ट

धाकटे,

पहिल्यांदा नाही आणि आता एवढी घाई का, हे तुझं विचारणं रास्त आहे. माणसाचं मन बदलतं, एवढंच. पोरगी डोळ्यांसमोरून जात नाही. वसतिगृहातलं जेवण म्हणजे काय ते मी आमच्या टंकलेखिकेकडून ऐकलंय, तिची मुलगी सुट्टीत घरी आली की आधी स्वयंपाकघरात शिरते. इथे तिला गरम जेवण मिळेल, दूध मिळेल, पिवळ्या खोलीत सकाळचं ऊन येतं. टेबल घेतलंय. गादी नवी. शिंपी म्हणाला, अभ्यासाच्या वेळी मशीन बंद ठेवीन. तो उगाच कुणाला असं म्हणत नाही.

तिला बळेच पाठवू नकोस मात्र. तिच्या मनात असेल तरच येऊ दे. तू पोचवायला येऊ नकोस, तुला रजेची अडचण, आणि ती आता मोठी झाली. स्वतःच्या पायांनी यावं, हातात सामान थोडं असावं, हसत यावं. माझ्या शब्दाच्या कामात मी हेच वाचत बसलेय सध्या, त्यामुळे माझ्या बोलण्यात ते येतं. जुन्या काळी द्यायच्या जनावराला आधी चांगलं खाऊ घालायचे, अंगावर ओरखडा चालायचा नाही, दोर ओढून आणलेलं तर मुळीच नाही. आपणहून चालत आलं पाहिजे. आमच्याकडे दुपारच्या चहाला असल्याच गप्पा चालतात. तू लहानपणी म्हणायचीस तसं, ताईला पुस्तकाचा वास येतो.

तू पुन्हा लिहिलंयस, "तुझा त्याग मी विसरलेले नाही." तुझ्या घरी पाहुण्यांना तू हेच सांगतेस असं ऐकते. माझ्या ताईनं आमच्यासाठी आयुष्य वेचलं वगैरे. सांगत जा. 'त' कधीच छापून झाला, त्यात आता फेरफार होत नाहीत.

गाडी सकाळची घे म्हणावं. मी स्टेशनवर येईन.

ताई


३० ऑगस्ट

धाकटे,

पोरीने तुला पत्र लिहिलंच असेल. ती म्हणते तसंच सगळं आहे, छान. कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ, मैत्रिणी झाल्या, आजीशी गट्टी. आजी तिला लहानपणीच्या गोष्टी सांगते. कुणाच्या लहानपणीच्या ते कळत नाही, पण सांगते. आई दोन वेळा पोटभर जेवते, गालांवर रंग आलाय, केस मुळाशी काळे व्हायला लागलेत. डॉक्टर म्हणाले, नातीची जादू. मी त्यांच्याबरोबर हसले.

मी पहिल्यांदाच संध्याकाळी बाहेर पडते. नदीपर्यंत जाते, बाकावर बसते, शेंगदाण्याची पुडी घेते. मला कुणी हाक मारत नाही. एकदा तर मी बाकावर बसून मोठ्याने गाणं म्हटलं आणि मधेच थांबले, कारण आवाज माझा होता. तो दोन ठोक्यांचा खोकला गेलाय. कोट खांद्यावर ढिला झाला, बाह्या बोटांवर येतात. दाराच्या चौकटीशी उभी राहिले तर माझी खूण पुन्हा माझ्या डोक्याबरोबर. मला इतका आनंद झाला की मी तिथेच रडले. हे मी तुला सांगतेय, कारण आणखी कुणाला सांगू?

परवा पावसाने गारठा पडला म्हणून पोरीने माझा कोट घातला. "मावशी, हा मला कसला बसतोय बघ," म्हणाली आणि गोल फिरून दाखवलं. बसत होता. अगदी शिवल्यासारखा.

काल दुपारी मी कार्यालयातून लवकर आले. आई खुर्चीत, पोरगी मागे उभी, हात खुर्चीच्या पाठीवर, पॉलिश गेलेल्या त्याच जागी. पुस्तक दुसऱ्या हातात. इथे का उभी राहून वाचतेस, तुझं टेबल आहे ना, म्हटलं. ती म्हणाली, इथे बरं वाटतं, का कुणास ठाऊक. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला तरी कुणी शिकवलं होतं?

समुद्राकाठच्या जागेचं तिला भिंगांकडून कळलं. ते घरी आले होते आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. ती माझ्या मागेच लागलीय. "तू जा ना मावशी. मी आहे की आजीपाशी. नाहीतरी मी इथेच आहे अजून कितीतरी दिवस." किती मोकळ्या मनाने म्हणते. तिच्या मनात काही नाही. तिच्यावर माझा जीव जडलाय, हे मी खोटं लिहीत नाही. ती जेवताना माझ्या ताटातला शेवटचा घास उचलते, आणि मी ताटात तो मुद्दाम ठेवते.

मी अजून काही ठरवलेलं नाही.

ताई


१३ सप्टेंबर

धाकटे,

हे स्टेशनवरच्या थांबायच्या खोलीत बसून लिहितेय. समोर बाकावर एक बाई बाळाला झोपवतेय. माझी गाडी फलाटावर लागलीय, सुटायला अवकाश आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की काही ठरवलेलं नाही. तेव्हा माझं तिकीट काढून झालं होतं.

शब्दाच्या कामातली एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. मुद्दाम नव्हती सांगितली, सांगितली असती तर तू पोरीला पाठवलं नसतंस. जुन्या काळी काही लोकांत अशी रीत होती की द्यायच्या जनावराने हो म्हटल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मग करायचे काय, तर त्याच्या डोक्यावर गार पाणी शिंपडायचे. पाणी पडलं की कुठलंही जनावर मान हलवतंच. लोक म्हणायचे, बघा, राजी आहे. आणि सगळ्यांचं मन हलकं व्हायचं. हे मी कार्यालयात भर दुपारी वाचलं आणि मला उलटी झाली. टंकलेखिका म्हणाली, उन्हाने असेल.

तुला आठवतं. आठवत नाही असं म्हणू नकोस, निदान मला तरी. आत्याला जाऊन थोडेच दिवस झाले होते. तू दारात उभी होतीस, बॅग हातात. बाबांनी विचारलं होतं, ही चालली, आता हिच्या आईजवळ कोण? आई त्या खुर्चीत बसून माझे केस विंचरत होती. मी तिच्या पायाशी. माझंही तेव्हा एक ठरत होतं, तू जाणतेस. आईने कंगवा वाटीतल्या पाण्यात बुडवला आणि माझ्या टाळूवर झटकला. पाणी गार होतं, मी मान खाली घेतली. आई म्हणाली, "बघ, हो म्हणाली."

ती ते बाबांना म्हणाली नाही. तुला म्हणाली. आणि तू माझ्याकडे पाहिलंस, पुरेसा वेळ पाहिलंस, आणि जिना उतरलीस. त्याला तू त्याग म्हणतेस. त्याग माणूस स्वतः करतो, धाकटे. मी काही केलं नव्हतं, मला फक्त गार लागलं होतं.

आज सकाळी मी बॅग भरून बाहेरच्या खोलीत आले. आई खुर्चीत ताठ बसलेली, आणि पोरगी केस मोकळे सोडून तिच्या पायाशी. अंगात कोट. आजीच म्हणाली मी विंचरते, पोरगी म्हणाली, तिचा हात काय जड आहे गं मावशी. शेजारी वाटी होती. ती वाटी मी कित्येक वर्षं बघितली नव्हती, कुठून काढली देव जाणे. मला काय होणार ते दिसत होतं. मी पाऊल पुढे टाकून वाटी उचलू शकले असते. नुसतं 'चल, उशीर होतोय, मला स्टेशनवर सोडायला ये' म्हटलं असतं तरी पोरगी टुणकन उठली असती.

मी बॅग खाली ठेवली. हे खरं आहे, ठेवली होती. मग मला समुद्राकडची खिडकी दिसली. मी ती खिडकी पाहिलेली नाही, तरी दिसली.

आईने कंगवा बुडवला आणि झटकला. पोरीने खांदे आवळले, मान खाली घेतली आणि हसली. आईने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे स्वच्छ होते, तिला सगळी माणसं ओळखू येत होती.

"बघ," ती म्हणाली, "हो म्हणाली."

तुझ्या वेळी होता तोच आवाज. मी बॅग उचलली. पोरीला म्हटलं, नीट जेवत जा. ती म्हणाली, आमची काळजी करू नकोस. आमची म्हणाली ती.

जिना अर्धा उतरले तेव्हा माझ्या तोंडून वाक्य निघालं. मी ते रचलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. सहज निघालं, जसं नियमात बसतं तसं, आणि माझ्या कानांनी मी ते ऐकलं. मी बळी दिला. खाली शिंप्याचं मशीन थांबलं. वरून पोरीचा आवाज आला, "मावशी, काही म्हणालीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "दार लावून घे."

तिने दार लावलं. मग आतून खोकल्याचा आवाज आला, दोन ठोके.

वाटेत कार्यालयात जाऊन मी कार्ड लिहिलं आणि नोंद बंद केली. खाली लिहिलं, बोलणारी : मावशी. भिंगांनी वाचलं, भिंग लावून पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, उत्तम, कुठे ऐकलंत? जिन्यात, म्हटलं. त्यांनी मला शुभेच्छा दिल्या आणि वाटेसाठी केळी दिली.

इथे या खोलीच्या बाजूलाच फोनची खोली आहे. दार उघडं आहे, रांग नाही. तुझा नंबर माझ्याकडे आहे. मी साधं पत्र लिहितेय, साध्या तिकिटाचं. तुमच्या गावापर्यंत त्याला किती दिवस लागतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी वाईट आहे असं तू म्हणशील, आणि ते चूक नाही. पण तू म्हणताना जरा हळू म्हण, शेजारी ऐकतात.

उशीर झालेला नाही, हेही लिहिते. माझ्या खांद्यांना किती वर्षं लागली ते तू जाणतेस, पोरीचे तर अजून तिचेच आहेत, फक्त कोट माझा आहे. तू आलीस तर तिला सोडवून नेता येईल. आई अडवणार नाही. तिला कुणीही चालतं, खुर्चीमागची जागा तेवढी रिकामी राहता कामा नये. तू दारात दिसलीस की ती उठून तुझ्यापर्यंत चालत येईल, डोक्यावर हात ठेवेल आणि म्हणेल, आलीस, उशीर केलास. पोरीला मग लगेच गाडीत बसव. मागे वळून बघू देऊ नकोस.

पावसाने इथे गारठा आहे, पण स्वेटर वगैरे आणायच्या भानगडीत पडू नकोस. खाली शिंप्याला मी कापड देऊन ठेवलंय. तुझं माप घ्यावं लागणार नाही.

ताई